डबा सात, खुजंद ते सारातोव

खुजंदला गाडी सुटली तेव्हा
बायका रडल्या नाहीत. बायकांनी मोजलं:
पिशव्या, पोरं, पुन्हा पिशव्या.
माझ्यासमोर मावझुना आली,
पन्नाशीची, पुढच्या दोन दातांवर सोनं.
जर्दाळूंचं पोतं पायाशी ओढून घेत म्हणाली
रशियनमध्ये, जी तिची नव्हती आणि माझी तर मुळीच नव्हती,
"वरचा बाक तुझा.
खालचा दिवसा सगळ्यांचा."
पुढच्या चार देशांत
मला समजलेला कायदा तेवढा एकच.

डब्याचा कारभारी नुसरतुल्लो
सीलबंद पाकिटं वाटत आला:
दोन चादरी, एक अभ्रा, एक टॉवेल.
सही कर म्हणाला. केली.

रात्री दोन वाजता पहिली सरहद्द.
संडासाला कुलूप, डब्यात कुत्रा,
शिपायानं माझं नाव वाचलं
ते मला ओळखू येईना; तरी हो म्हटलं.
पहाटे पुन्हा एक. टोप्यांचा घेर बदलला,
शिक्क्यांची शाई बदलली,
बाहेरच्या कुरणाला कुणी काही विचारलं नाही.

मग गवत. खांब. गवत.
दीड दिवस खिडकीत काहीच घडलं नाही
आणि मी तिथून हललो नाही.
घरी असतो तर या वेळात
किती जणांवर रागावून झालो असतो.

अराल स्टेशनात एक म्हातारी
धुरावलेले मासे घेऊन चढली.
समुद्र कुठाय, मी विचारलं.
तिनं हनुवटीनं दाखवला,
उन्हाच्या पलीकडे कुठंतरी.
मग हे मासे?
"तळ्यातले," मावझुनानं समजावलं,
"समुद्र गेला. पाटी आहे.
पाटी कुठं आटते?"
आणि काटे काढून
पहिला घास मला दिला.

तिचा मुलगा सारातोवला विटा वाहत होता,
आता वाहत नव्हता; का, ते तिनं सांगितलं नाही.
ती भांडी घासायला चालली होती, कागद पूर्ण नव्हते,
एवढं मात्र दोनदा सांगितलं.
एका रात्री तिनं मला नान दिला,
गोल, मधोमध ठशांची नक्षी, अजून किंचित ऊबदार वाटणारा,
जरी त्याला निघून दोन दिवस झाले होते.
अर्धवट झोपेत मी तो कशात तरी गुंडाळला
आणि बॅगेच्या तळाशी ठेवला.

शेवटच्या सकाळी नुसरतुल्लोनं मोजणी केली.
चादरी आठ. अभ्रे चार.
टॉवेल तीन.
पुन्हा मोजले. तीनच.
त्यानं आम्हा चौघांकडे बघितलं
आणि नजर जिथं थांबायची तिथंच थांबली,
पोत्यावर.
मावझुना म्हणाली नाही, मी नाही.
सारातोवच्या फलाटावर पोलीस उभे असतात, तिला माहीत होतं.
पदराखालून नव्हे, मोज्यातून
तिनं दोनशे रूबल काढले,
घडी उलगडून, सपाट करून दिले.
मी खिडकीकडे बघत होतो.
खिडकीत व्होल्गा आली होती, रुंद, मातकट,
आणि मला ती फार आवडते आहे
असा चेहरा मी करून बसलो.

चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात.
माझ्या मनात काडीचाही उजेड नव्हता.
मी खरोखर तिलाच चोर समजलो होतो.
तीनशे मैल तिचं खाऊन.

चार देशांच्या अधिकाऱ्यांनी
माझी बॅग उपसली होती,
औषधांच्या गोळ्यासुद्धा मोजल्या होत्या.
नवव्या दिवशी, वसतिगृहाच्या खोलीत,
मोजा शोधताना हाताला लागला
रेल्वेचा शिक्का असलेला टॉवेल,
आणि त्यात नान.

सारातोवात भांडी किती ठिकाणी घासतात
ते मी तीन संध्याकाळ बघत हिंडलो.
मागच्या दारांना वाफ येते,
चेहरे दिसत नाहीत. हाक मारली तर
आत सगळ्याच गप्प होतात.

नान दगड झाला होता.
चहात बुडवून, तुकडा तुकडा,
मी तो सगळा खाल्ला.
टॉवेल अजून ओला केलेला नाही.